भास्कराचार्य : एक संख्या आणि एक मठ

चाळीसगावहून नैर्ऋत्येकडे निघाले की पंधरावीस किलोमीटरवर सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण लागते. चंडिकादेवीच्या दर्शनासाठी खानदेशातून, विशेषतः नवरात्रात, हजारो माणसे येथे येतात. नवस फेडतात, ओढ्याकाठी जेवणे उरकतात आणि परततात. एके काळी याच ठिकाणी गणित शिकविण्यासाठी एक मठ होता, आणि तो चालावा म्हणून गावच्या बाजारपेठेने आपल्या मिळकतीतला वाटा तोडून दिला होता, हे यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तो मठ ज्यांच्या ग्रंथांसाठी स्थापन झाला, ते भास्कराचार्य. त्यांचे नाव घेतले नाही असे व्याख्यान भारतीय विज्ञानाच्या गौरवाचे नसते. परंतु नाव घेणे वेगळे आणि त्यांनी केलेले काम समजून घेणे वेगळे. आपण पहिल्यावरच समाधान मानीत आलो आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. ही तारीख कोणा संशोधकाने तर्काने ठरविलेली नाही. आचार्यांनी स्वतःच ती आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पुढे ११८३ मध्ये, वयाची एकोणसत्तर वर्षे झाली असता, ‘करणकुतूहल’ हा पंचांगकर्त्यांच्या उपयोगाचा ग्रंथ त्यांनी रचला. आपल्याकडच्या प्राचीन विद्वानांची चरित्रे बहुधा शतकांच्या अंतराने मागेपुढे सरकत असतात. येथे मात्र तीन तारखांच्या भक्कम खुंट्यांवर एक आयुष्य उभे आहे.

कुळाची माहिती तितकीच भक्कम आहे, आणि ती मिळते पाटणच्या शिलालेखातून. शांडिल्य गोत्री या घराण्याचा मूळ पुरुष त्रिविक्रम. हा कवी होता. त्याचा पुत्र भास्करभट्ट याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. त्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर. हे महेश्वर भास्कराचार्यांचे वडील आणि गुरूही. भास्करांचा पुत्र लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपाल याने येथून आपल्याकडे नेले व पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. पाटणपासून फार दूर नसलेल्या बहाळ येथे शके ११४४ चा एक लेख आहे. तोही याच घराण्यातील अनंतदेव या ज्योतिषाचा. इतक्या पिढ्या एकाच विद्येला वाहून घेतलेले आणि शिलालेखांनी साक्ष दिलेले असे दुसरे घराणे महाराष्ट्रात दाखविणे कठीण आहे.

एकसष्टचे कोडे

भास्करांची थोरवी कशात आहे, असे विचारले तर उत्तरादाखल बहुधा शून्य, गुरुत्वाकर्षण आणि लीलावतीची गोष्ट पुढे केली जाते. वास्तविक त्यांच्या बुद्धीची खरी झेप पाहावयाची असेल तर ‘बीजगणित’ या भागातील एका प्रश्नाकडे वळले पाहिजे. तो प्रश्न शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. अशी कोणती पूर्ण संख्या आहे, की तिच्या वर्गाला एकसष्टने गुणून त्यात एक मिळविला असता येणारी बेरीजही पूर्ण वर्ग असेल?

एकसष्टच्या शेजारच्या संख्या घेतल्या तर हा प्रश्न अगदी किरकोळ वाटतो. साठ घ्या. चारचा वर्ग सोळा, त्याची साठपट ९६०, त्यात एक मिळविला की ९६१; हा एकतीसचा वर्ग. बासष्ट घ्या. आठचा वर्ग चौसष्ट, त्याची बासष्टपट ३,९६८, त्यात एक मिळविला की ३,९६९. हा त्रेसष्टचा वर्ग. एका बाजूस चार, दुसऱ्या बाजूस आठ. मग मधल्या एकसष्टलाही अशीच एखादी लहानशी संख्या पुरेल असे कोणालाही वाटेल. म्हणून एकापासून प्रारंभ करून माणूस एकेक संख्या तपासू लागला तर शंभर झाले, हजार झाले, लाख झाले, कोटी झाले, तरी उत्तर हाती येत नाही. ते येते बावीस कोटी एकसष्ट लक्ष त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी या संख्येपाशी. म्हणजे २२,६१,५३,९८०. त्याहून लहान अशी एकही धन पूर्ण संख्या ही अट पुरी करीत नाही. आणि ज्या संख्येचा वर्ग येतो ती आहे १,७६,६३,१९,०४९, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास.

दिवसरात्र न थांबता दर मिनिटाला एक संख्या तपासली, तरी येथपर्यंत पोचावयास चारशेहून अधिक वर्षे लागतील. भास्कराचार्यांना काही पायऱ्याच पुरल्या. ज्या रीतीने त्या पुरल्या तिला ‘चक्रवाल’ म्हणतात. चक्राप्रमाणे तीच क्रिया पुनः पुनः करीत गेले की चूक लहान होत होत शेवटी एकावर येऊन ठेपते.

आरंभ आठापासून. आठचा वर्ग चौसष्ट. तो एकसष्टहून तीनने अधिक आहे. हवे होते एकने अधिक, मिळाले तीनने अधिक. या चुकीचाच आधार घेऊन पुढची पायरी अशी बेताने निवडावयाची, की भागाकार निःशेष जावा आणि चूक हाताबाहेर जाऊ नये. येथे सात हा अंक घेतला असता पाच आणि एकोणचाळीस ही जोडी मिळते. पाचच्या वर्गाची एकसष्टपट १,५२५ आणि एकोणचाळीसचा वर्ग १,५२१. आता चारने उणे पडले. या जोडीच्या अर्ध्या घेतल्या की उणीव एकावर येते, पण संख्या अपूर्णांकात जातात. त्या अपूर्णांकांना न भिता ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ या रीतीने त्यांचा एकमेकांशी संयोग केला की अपूर्णांक गळून पडतात आणि हाती येतात ३,८०५ व २९,७१८. पहिलीच्या वर्गाची एकसष्टपट ही दुसरीच्या वर्गाहून बरोबर एकाने अधिक आहे. पाहिजे होते याच्या उलट. म्हणून या जोडीचा तिच्याशीच आणखी एकवार संयोग करावयाचा. ३,८०५ आणि २९,७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजेच २२,६१,५३,९८०.

ही रीत कळल्यावर त्या अब्जाच्या घरातल्या संख्येकडे पाहिले की तिचे आडदांड रूप मावळते आणि अंतर्गत रचना दिसू लागते. तिच्यातून एक वजा करा. उरते ती २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट. तिच्यात एक मिळवा. येते ती ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट, आणि १२२ म्हणजे एकसष्टची दुप्पट. दोन वर्गांच्या पटींमध्ये ही संख्या अशी नेमकी बसली आहे. साहजिकच तिला एकसष्टने भागले तर बाकी साठ उरते. जी संख्या कागदावर अंकांची निव्वळ रांग वाटते, तिचा जन्म कसा झाला हे तिच्या अंगावरच लिहिलेले असते. ते वाचता येणे म्हणजेच गणित.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लीलावतीच्या आरंभी भास्करांनी एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. अब्ज हे त्यांतले दहावे स्थान, म्हणजे आपली संख्या त्या शिडीच्या मध्याशी उभी आहे. परंतु तिचा वर्ग केला तर तो एकोणीस अंकांचा होतो. म्हणजे आचार्यांनीच नावे देऊन ठेवलेल्या अठरा स्थानांच्याही तो एक पायरी वर जातो. ज्या वर्गाच्या आकाराला त्यांच्या यादीत नाव नाही, तो वर्ग अचूक जुळतो असे त्यांनी खात्रीने सांगितले. रीतीवर असा भरवसा ठेवावयास वेगळीच निष्ठा लागते.

अभिमान आणि प्रमाण

याच एकसष्टचा प्रश्न फ्रान्समधील फेर्मा याने १६५७ मध्ये समकालीन गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. इंग्लंडच्या ब्राउंकरने अशा प्रश्नांची रीत शोधून काढली. पुढे ऑयलरने गैरसमजाने या समीकरणाला पेल या गृहस्थाचे नाव दिले आणि ते चिकटून बसले. भास्करांचे उत्तर त्या वेळी पाचशे वर्षे जुने झाले होते. लीलावतीचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केले होते, बीजगणिताचे १६३४ मध्ये झाले होते. पण युरोपला या गोष्टीची नीट ओळख पटली ती कोलब्रुकने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे.

एवढे सांगून थांबणे सोपे आहे, आणि व्यासपीठावरून बहुधा येथेच थांबण्यात येते. परंतु पुढच्या दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर ती भास्करांचीच अवहेलना ठरेल. पहिली ही की चक्रवाल रीत मूळची भास्करांची नव्हे. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या जयदेव या गणितज्ञाची वचने १०७३ मधील एका टीकेत आली आहेत, आणि त्यांत ही रीत आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये हे उजेडात आणले. दुसरी ही की ही रीत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोचतेच, याची सिद्धता भास्करांनी दिलेली नाही. अशा समीकरणाला उत्तर असतेच, हे निर्विवादपणे सिद्ध केले ते अठराव्या शतकात लाग्रांज याने. उत्तर काढणे आणि उत्तर असणे अटळ आहे हे दाखविणे, या दोन भिन्न पायऱ्या आहेत. पहिली आपल्याकडे चढली गेली. दुसरी चढली गेली नाही.

हीच कसोटी इतर कीर्तिकथांनाही लावली पाहिजे. पृथ्वीला कोणाचाही आधार नाही, आधार मानला तर त्या आधारालाही आधार मानावा लागेल, हा गोलाध्यायातील युक्तिवाद बिनतोड आहे. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे असेही तेथे म्हटले आहे. तथापि त्या शक्तीचे गणिती मोजमाप तेथे नाही. म्हणून न्यूटनचा शोध भास्करांच्या नावावर मांडणे हा भाबडेपणा होय. ग्रहाची तात्कालिक गती काढताना त्यांनी जे केले ते मात्र पुढे कलनशास्त्र म्हणून विकास पावलेल्या विचाराच्या खरोखरच जवळ जाणारे आहे. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी खहर म्हटले आणि तीत कितीही मिळविले वा तीतून कितीही काढले तरी ती बदलत नाही असे सांगितले. ही कल्पना भव्य आहे. पण त्याच राशीला पुनः शून्याने गुणले की मूळ संख्या परत मिळते, हे त्यांचे गृहीत आजच्या गणितात टिकत नाही. मोठ्या माणसाच्या चुका झाकण्याने तो मोठा होत नसतो.

लीलावतीच्या कथेचेही तसेच. मुहूर्ताच्या घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजले, लग्नघटिका टळली आणि दुःखी कन्येच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट मराठी घराघरांत सांगितली जाते. ती आढळते फैजीच्या भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. पाटणच्या लेखात पुत्राचे नाव आहे, कन्येचे नाही. गोष्ट गोड आहे, पण चरित्र नव्हे. स्तंभावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप, भुंग्यांचा थवा, वाऱ्याने कललेले तळ्यातले कमळ, दहा हातांत दहा आयुधे बदलून धरणाऱ्या शंभूची ३६,२८,८०० रूपे, असली उदाहरणे ज्या ग्रंथात आहेत त्याला गोडीसाठी दंतकथेचा आधार लागत नाही.

राहता राहिला जन्मस्थानाचा वाद. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, एवढेच आचार्य सांगतात. कोणी ते विजापूर मानतात, कोणी बीडकडे बोट दाखवितात, खानदेशातील अभ्यासकांना ते पाटणच्याच परिसरात दिसते. डोंगराचे सान्निध्य, लक्ष्मीधराला येथून नेल्याची नोंद, घराण्याचे दोन लेख एकाच टापूत असणे, हे सारे खानदेशच्या बाजूने बोलते. पण विज्जडविड म्हणजेच हे गाव असे सांगणारा एकही शब्द लेखात नाही. तेव्हा हक्क सांगावा तो बेताने. उज्जैनच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते, या रूढ समजालाही पाटणच्या लेखात आधार सापडत नाही.

पळीभर तेलाचा वारसा

परंतु जन्मभूमीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी खानदेशपाशी एक गोष्ट अशी आहे, जिच्यावर दुसऱ्या कोणाला दावा सांगता येणार नाही. ती म्हणजे भास्करांच्या विद्येचा मठ. नातू चांगदेवाने तो पाटणला स्थापन केला. सिद्धान्तशिरोमणि आणि या घराण्यातील इतर ग्रंथ तेथे नेमाने शिकविले जावेत, हा त्याचा उद्देश. यादवांचा मांडलिक निकुंभ वंशीय सोइदेव याने शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमारास, ग्रहणाच्या पर्वकाळी त्याला जमीन व उत्पन्न तोडून दिले. हे सर्व ज्या शिलालेखात आहे, तो भवानीच्या भग्न देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना सापडला आणि १८६५ मध्ये त्यांनी तो विद्वानांपुढे ठेवला. पुढे कीलहॉर्नने त्याचे साक्षेपी संपादन केले. भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी काही काळ धुळ्यात शिक्षकी केली होती, हाही या भूमीशी जुळलेला एक धागा.

या लेखाचा प्रारंभीचा भाग संस्कृत आहे, शेवटचा मराठी. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात, देणग्यांचा तपशील मात्र लोकांच्या भाषेत, कारण तो लोकांनीच पाळावयाचा होता. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळावयाचा कर मठाला दिला. ब्राह्मणांनी आपल्या हक्काचा भाग दिला. नगराने दामाचा विसावा हिस्सा दिला. बाहेरून येणाऱ्या मालामागे सुपाऱ्या ठरल्या, आणि जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यावयाचे ठरले.

या पळीभर तेलाचे मोल कोणत्याही स्मारकाहून अधिक आहे. चक्रवाल म्हणजे काय हे घाणेवाल्याला कळत नव्हते, कळण्याची गरजही नव्हती. आपल्या गावात कोणीतरी ते शिकत आहे, रात्री त्यांच्या दिव्यात तेल असले पाहिजे, एवढे त्याला कळत होते. राजाने कर सोडला, पुरोहिताने हक्क सोडला, व्यापाऱ्याने सुपारी आणि तेल्याने तेल दिले. आठशे वर्षांपूर्वीच्या एका लहानशा बाजारपेठेने उच्च गणिताचा खर्च असा वाटून घेतला होता.

मठ उरला नाही. उरला तो लेख. त्यानंतर भास्करांच्या वाट्याला नावे पुष्कळ आली. १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या दोन उपग्रहांना ‘भास्कर’ हे नाव देण्यात आले. २०१४ मध्ये त्यांच्या जन्माला नऊशे वर्षे झाल्यावर समारंभ झाले. हे गैर नव्हे. परंतु चाळीसगाव, जळगाव किंवा धुळ्याच्या किती शाळांत एकसष्टचा प्रश्न फळ्यावर मांडला जातो, आठापासून निघून बावीस कोटींपर्यंतचा प्रवास किती मुले स्वतःच्या हाताने करतात, हे विचारले तर उत्तर देताना मान खाली घालावी लागेल. त्यासाठी लागणारे गणित बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडचे नाही. लागतो तो एक कागद, एक पेन्सिल आणि दोन तासांची चिकाटी. पाठ्यपुस्तकात नसले तरी शिक्षकाला ते सांगावयास कोणाचीही मनाई नाही.

भास्कराचार्यांनी बीजगणित संपविताना ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ या पूर्वसूरींचे ऋण नावानिशी मान्य केले आहे. त्यांचे ग्रंथ विस्तृत होते, शिष्यांसाठी आपण त्यांचे सार काढले, अशी त्यांची भूमिका आहे. ही भूमिका शिक्षकाची आहे, आणि नातवाने आजोबांसाठी देऊळ न बांधता मठ उभारला तो हे जाणूनच. पाटणला जाणाऱ्या वाटेवर कमानी आणि फलक उभारले जातील, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र ज्या दिवशी खानदेशातील एखादी शाळा देवीच्या दर्शनाबरोबर मुलांना त्या लेखातील पळीभर तेलाची हकिगत सांगेल आणि ओढ्याकाठच्या सावलीत त्यांच्याकडून एकसष्टचा प्रश्न सोडवून घेईल, त्या दिवशी चांगदेवाचा मठ, भिंतींवाचून का होईना, पुन्हा सुरू झाला असे म्हणता येईल.